तिसऱ्या मजल्यावरच्या आबांना

आबा, सा. न.

हे पत्र तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायचं काम मी तुमच्या नातीकडे दिलंय. समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही "हॅट, त्यात काय" म्हणून पेपरात डोकं घातलं असतं. शिवाय हल्ली घरोघरी पिंजऱ्यात फिंच पक्षी दिसू लागलेत. मी केलेला घोळ बाकीच्यांनी करू नये, म्हणून सगळ्यांदेखत लिहितेय.

श्रावणात आमच्या झेब्रा फिंचच्या जोडीनं पहिल्यांदा संसार मांडला. पिंजऱ्यात मडकं टांगलं. आत काय घालायचं हे कुणाला विचारावं असं मला वाटलंच नाही. सासूबाई फुलवाती वळत होत्या, त्यांच्या डब्यातला थोडा कापूस घेतला. दुकानातून पांढऱ्या, लुसलुशीत धाग्यांचं एक पाकीट आणलं. त्यावर पक्ष्याचं चित्र होतं, म्हणजे झालंच की! नरानं दोन दिवसांत सगळं आत नेलं आणि मादीनं बसून ते गोल रचलं. काय मऊ गादी झालीय म्हणून मी फोटोसुद्धा काढले.

पिल्लं दहा-बारा दिवसांची झाली तेव्हा त्यातलं एक जागचं हलेना. हात घालून उचललं, तर त्याच्या पायाबरोबर अख्खी गादी वर आली.

तुम्ही हातातला चहा तसाच ठेवून खाली आलात. मी टॉर्च धरला होता आणि तो हलत होता, म्हणून दोनदा ओरडलातही. पिल्लू तुमच्या तळहातावर. कोमट पाण्यानं पाय भिजवून, सुईच्या टोकानं एकेक तंतू उचलायचा आणि कात्रीनं तोडायचा. पाऊण तास. सुजलेल्या पायात धागा इतका रुतला होता की मला तो दिसतही नव्हता, तुमच्या बोटांना तो लागत होता. मागचं बोट काळं पडलं होतं. "बोट जाईल, पाय राहील," असं म्हणालात आणि सकाळी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंच, असं बजावलंत. तसंच झालं. बोट गेलं, पाय राहिला.

मग तुम्ही आमच्या ओट्यापाशी गेलात. पाकिटातला धागा चिमट्यात धरून गॅसवर नेलात. तो आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा, कडक मणी झाला. वास प्लॅस्टिकचा. मग वातीचा कापूस धरलात. तो कागदासारखा जळला आणि राख बोटानं चुरली. म्हटलं, चला, कापूस तरी बरा होता. तर तुम्ही म्हणालात, "दोन्ही बाद."

त्यावर तुम्ही जे सांगितलंत ते कापड गिरणीच्या सूतकताई खात्यात काम केलेला माणूसच सांगू शकतो. कापसाचा एकटा तंतू नखानं तुटतो. पीळ बसला की त्याचंच सूत होतं आणि ते बोट कापतं. "मी 1982 च्या संपापर्यंत पीळच देत होतो. ते पिल्लू पाय झाडतं ना, तेव्हा तेही पीळच देत असतं. स्वतःच्या पायावर सूत कातत असतं." आबा, त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यानंतर मी तुमचीच परीक्षा चालवते. वस्तू चिमटीत धरून ओढायची. कट्कन तुटली तर पास, ताणली गेली किंवा बोटाला गुंडाळली गेली तर नापास. लोकर, शिवणाचा दोरा, कंगव्यातले केस, सगळं नापास. काथ्या पास, पण चार बोटांपेक्षा लांब ठेवायचा नाही आणि जाड, टोचरे तंतू वेचून काढायचे. गोणपाट सुटं करून आखूड कापलं तर चालेल म्हणालात. मात्र धान्याची जुनी गोणी नको, तिला काय काय औषध मारलेलं असतं कोण जाणे. सगळ्यात उत्तम सुकं गवत. तेही सोसायटीच्या बागेतलं नाही, तिथे तणनाशक फवारतात. आणि पावसाळ्यात रोज नाकाला लावून बघायचं. कुबट वास आला की फेकायचं, कारण बुरशी पक्ष्यांच्या थेट फुप्फुसात जाते.

भाद्रपदात तुम्ही गणपतीच्या दूर्वा घेऊन आलात. कुंकू धुतलेल्या, पंख्याखाली खडखडीत वाळवलेल्या. जुड्यांचा एकेक लाल दोरा सोडवून स्वतःच्या खिशात टाकत होतात. त्या दोऱ्याकडे माझं लक्षच गेलं नसतं.

दुसरं अंडं दिसलं की गवत बंद करायचं, हेही तुमच्याचमुळे कळलं. नराला थांबणं माहीतच नाही. तो अंड्यांवर नवा थर रचतो, त्यावर मादी पुन्हा अंडी घालते आणि खालची गार पडतात. आमचे हे महाशय उरलेली काडी चोचीत धरून अख्खा दिवस मडक्याभोवती फिरत होते. "बायकोनं सांगितलेलं सामान संपलं तरी बाजारात हिंडणारा नवरा," असं सासूबाई म्हणाल्या. तुम्ही हसलात, आमचे हे हसले नाहीत.

बाजारात रंगवलेल्या मुनिया विकायला होत्या, तेव्हा तुम्ही मला हाताला धरून पुढे नेलंत, तेही आठवतंय. झेब्रा फिंच मूळचे ऑस्ट्रेलियाचे, पिंजऱ्यातच वाढलेले. मुनिया आपल्या रानातली, तिला पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा. तुम्हाला त्या कायद्यापेक्षा त्या रंगाचा राग जास्त आला होता.

नऊ बोटांचं… नाही, सात बोटांचं म्हणायला हवं, पक्ष्याला आठच असतात. तर ते सात बोटांचं पिल्लू आता लालचुटूक चोचीचा नर झालंय. दांडीवर जरासं तिरकं बसतं, पण गातं खणखणीत.

तुमची ती छोटी कात्री अजून माझ्याकडेच आहे. परत द्यायला दोनदा वर आले, दोन्ही वेळा तुम्ही "राहू दे तुझ्याकडे" म्हणालात. पिंजऱ्याशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवलीय. मडक्यात सध्या पाच अंडी आहेत. रविवारी चहाला या.

तुमची,
पहिल्या मजल्यावरची सूनबाई