कारण सापडायची वाट बघू नकोस

बाळा,

काल तू फोनवर म्हणालास ना, आई काही झालंच नाहीये, सगळं नीट चाललंय, तरी सारखं उदास वाटतंय, मग डॉक्टरकडे जाऊन सांगू तरी काय. ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितेय, फोनवर मला हे नीट बोलता आलं नसतं.

तू सात वर्षांचा होतास तेव्हा मला हेच झालं होतं, डॉक्टर त्याला डिप्रेशन म्हणतात. तुला आठवत असेल आई सारखी पडून असायची. झोप नव्हती रे ती, पहाटे साडेतीनला जाग यायची ती यायचीच आणि मग दिवसभर अंगात जीव नसायचा. नोकरी चांगली, बाबा समजूतदार, तू एवढा गोड, आणि मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. आठ महिने कारण शोधत बसले आणि सापडेना तेव्हा स्वतःलाच कारण ठरवलं, मीच आळशी, मीच कृतघ्न. ते आठ महिने वाया गेले याचं मला अजून वाईट वाटतं.

शेवटी ज्या डॉक्टर भेटल्या त्यांनी "का" विचारलंच नाही. किती दिवस झाले, झोप कशी, भूक कशी, आवडायचं त्यात मन लागतं का, एवढंच. दोन आठवडे जवळजवळ रोज असं होत असेल तर दाखवायला तेवढं पुरतं म्हणाल्या. आधी रक्त तपासलं, थायरॉईड, बी१२, हिमोग्लोबिन, कारण थायरॉईड कमी पडलं तरी माणूस असाच थकतो, उदास होतो. माझं सगळं नॉर्मल आलं आणि मला रडू आलं, निदान रिपोर्टमध्ये तरी काही निघेल असं वाटलं होतं. पण रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आजार खोटा असं नसतं.

मग डिप्रेशन किती आहे ते बघायचा एक फॉर्म दिला, पीएचक्यू-९ म्हणतात त्याला, नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ मार्क. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा, तिथे माझं पेन थांबलं होतं. तोच मी तुला सरळ विचारतेय, असे विचार येतात का? विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, रात्री कितीही वाजले तरी मला उठव, आणि जवळ जो कोणी असेल त्याला घेऊन सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.

गोळ्या लागतीलच असं नाही, कित्येकांना काउन्सेलिंगनेच बरं वाटतं. मला लागल्या. पहिला आठवडा मळमळ झाली, फरक पडायला महिना गेला, आणि बरं वाटतंय म्हणून मी मनानेच बंद केल्या तर चक्कर यायला लागली आणि परत पहिल्यासारखं झालं. तसं करू नकोस, बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायच्या असतात आणि बंद करताना डॉक्टरच हळूहळू कमी करतात. अचानक बंद केल्या तर त्रास होतो, पण दारू-सिगरेटसारखी त्यांची तलफ लागत नाही, ती भीती काढून टाक.

तिथे काय बोलायचं सुचत नसेल तर काल मला जे म्हणालास तेच म्हण, "काही झालं नाही तरी असं वाटतंय". अपॉइंटमेंट तू घेतोस की मी घेऊ? लिहायचा कंटाळा आला तर नुसतं "तू घे" एवढंच पाठव, मी येते सोबत, बाहेर बसेन.

आई