आजीची बरणी टाकू नका

बार्सिलोना,
रविवार सकाळ

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर बरणीचं सांगितलंस आणि पुढे तुला बोलवेना. आजीची लोणच्याची बरणी, वरून तपकिरी, खाली सायीच्या रंगाची. मला आधी आठवला तो तिच्या तोंडाला बांधलेला दादरा. तुकडे अजून घरात असतील तर टाकू नका. गोणपाटात बांधून जिन्याखाली ठेवा. का, ते सांगायलाच लिहायला बसले आहे.

इथे डोंगराच्या उतारावर पार्क ग्वेल नावाची बाग आहे. आंतोनी गौदी या वास्तुकाराने ती १९०० ते १९१४ या काळात बांधली. वर मोठं पटांगण, त्याच्या कडेने नागमोडी बाक आणि तो सगळा फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांनी मढवलेला. त्यातलं बरंचसं काम गौदीचा सहकारी जुजोल याचं. पटांगणाखालच्या छतावर तर त्याने फुटक्या बशा, बाटल्यांची काच असं काय काय लावून मोठाली चक्रं केली आहेत. इथल्या कातालान भाषेत या कामाला ‘त्रेंकादीस’ म्हणतात, ‘तोडणे’ या क्रियापदावरून.

ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपली गच्चीच दिसली. बाबा, मी चौथीत असताना गच्ची गळते म्हणून तुम्ही चायना मोझॅक करून घेतला होता. मिस्त्री उकिडवे बसून एकेक पांढरा तुकडा ओल्या मालात दाबत होते. अख्खी फरशी का नाही लावत, असं मी विचारलं, तर म्हणाले, कठड्यापाशी गोलाई आहे, फरशी वळत नाही, तुकडा वळतो. त्या बाकाचंही हेच आहे. वळणावर सपाट टाइल बसत नाही, म्हणून ती आधी फोडायची. शिवाय पांढऱ्या तुकड्यांवरून ऊन परत फिरतं, म्हणून खालची खोली मे महिन्यातही सुसह्य असायची. (हॉलमधल्या फरशीला आपण मोझॅक म्हणतो, पण ती संगमरवराच्या चिपा घातलेली सिमेंटची फरशी. हे काम वेगळं.)

शेजारची सात मजली इमारत उभी राहिल्यापासून स्वयंपाकघरात दिवसासुद्धा ट्यूबलाइट लावावी लागते, हे मला फार लागतं. खिडकीसमोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर दुपारी तासभर तरी ऊन येतं ना? तिथे चकाकणारे तुकडे लावले तर तेवढं ऊन ते आत पाठवतील.

सहा महिने मी दर शनिवारी हे शिकते आहे. पहिल्या फळीचे सांधे पांढऱ्या सिमेंटने भरले आणि सगळे रंग फिके पडले. दुसरीला गडद करडा भरला, तर तेच निळे, पिवळे तुकडे उजळून आले. आपण तसंच करू. टाइल पोत्यात गुंडाळून हातोडीने फोडायची, डोळ्यांना चष्मा हवाच. तुकड्यांत दोन-तीन मिलिमीटर फट ठेवायची. माल एक दिवस वाळला की सांधे भरायचे आणि ते पुरते घट्ट व्हायच्या आत ओल्या स्पंजने पुसायचं. धारदार कडा आधीच दगडावर घासून घ्यायच्या, चिंटू तिथे खेळतो. बरणीचे तुकडे जाड आणि बाकदार आहेत, ते टाइलच्या पातळीत बसणार नाहीत. त्यांच्याखाली माल जाड घालून ते मुद्दाम वर उठलेले ठेवू. हात लावला की बरणीची गोलाई कळली पाहिजे.

आई, फुटकं घरात ठेवू नये, हे तुझ्या मनात येणार. पण आजी बांगडी ‘फुटली’ म्हणू द्यायची का कधी? ‘वाढवली’ म्हण, म्हणायची. तुकडे वेचून तुळशीत टाकायची. बरणीसुद्धा वाढवलीच असं समज. तुझ्या डब्यात हिरव्या बांगड्यांचे तुकडे असतील तर तेही हवेत, आणि मेन रोडला गेलीस तर कासाराकडे वाढवलेल्या मिळतात का विचार. टाइल्सच्या दुकानात कोपरा उडालेले नमुने असतात, ते बाबांनी मागून आणावेत.

मी डिसेंबरात येते. पावसाळ्यात ती भिंत ओलीच असते, तोवर नीट सुकेल. त्याआधी गवंड्याकडून जुना रंग खरवडून भिंतीला टाचे मारून घ्या, नाहीतर माल धरणार नाही.

नक्षी मात्र आईची. उंबऱ्यापुढे रोज काढतेस ते ठिपक्यांचं कमळ. तू खडूने काढ, मी भरीन. ओट्यापाशी उभी राहून बघ, खिडकीतून भिंतीचा नेमका कुठला भाग दिसतो, आणि तिथे खूण करून ठेव. बरणी तिथेच लावायची.

तुमची,
धाकटी