दाताचं निमित्त

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा सुपारीच्या बैठकीत तुम्ही पाहुण्यांना सांगत होतात, "करोनात भल्याभल्या पोरांनी हाय खाल्ली, पण आमचा गडी खंबीर राहिला." मी पाण्याचं निमित्त करून उठलो. तिथं बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

मी खंबीर नव्हतो. मार्च 2020मध्ये अभ्यासिका बंद झाली, मागोमाग मेस. सदाशिव पेठेतली कॉट सोडून घरी आलो. एमपीएससीची राज्यसेवा पूर्व परीक्षा 5 एप्रिलला होती. ती 26 एप्रिलवर गेली, मग 13 सप्टेंबर, 20 सप्टेंबर, 11 ऑक्टोबर. मी आतल्या खोलीच्या भिंतीवर पेन्सिलनं तारीख लिहायचो आणि खोडायचो. आई, दिवाळीला चुना मारताना तू तेवढा तुकडा सोडलास. बोलली काहीच नाहीस.

राज्यघटनेचं एकच पान महिना महिना उघडं असायचं. पहाटे तीनला छातीत धडधडायचं, वाटायचं आपल्याला करोनाच झाला. जानेवारीत "दात दाखवून येतो" म्हणून निघालो, तो सिव्हिलच्या मानसोपचार विभागात गेलो. फडताळातली ती पट्टी पित्ताच्या गोळ्यांची नव्हती, आई. आठ महिने घेतल्या.

फेब्रुवारीत पुण्याला परतलो, तर 14 मार्चची परीक्षा तीन दिवस आधी पुन्हा पुढे ढकलली. नवी पेठेत पोरं रस्त्यावर बसली, त्यांत मीही होतो. (टीव्हीवर मला शोधत होतात ना? सगळ्यांच्याच तोंडाला मास्क!) 21 मार्चला एकदाचा पेपर झाला. पूर्व काही निघाली नाही, पण हॉलमध्ये जाऊन बसलो, हेच माझ्यासाठी पुष्कळ होतं.

तिथवर पोचलो ते गोळ्यांमुळे, आणि बाबा, तुमच्या कांद्यामुळे. शेतपंपाची लाईट रात्रीची असली की तुम्ही मला पाणी धरायला न्यायचात. हातात बॅटरी द्यायचात, वाफा भरला की हाक मारायचात, बस्स. "अभ्यास कुठवर आला" असं बांधावर एकदाही विचारलं नाहीत. गार चिखलात पाय भरवून आलो की त्या रात्री झोप लागायची.

काकांचा धाकटा पुण्याहून आलाय आणि दिवसभर दार लावून बसतो म्हणे. त्याला माझं उदाहरण देऊ नका. काकूंना 14416 हा नंबर लिहून द्या, टेलिमानसचा, मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाईनचा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. काका चिडतील, चिडू देत. लाईट रात्रीची असेल तर त्याला पाण्यावर न्या.

रविवारी येतो. सोमवारी त्याला घेऊन सिव्हिलला जाईन. या खेपेला घरात दाताचं सांगायचं नाही.

तुमचा,
बाळू