नवऱ्याच्या गोळ्यांचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीत पीआयडी (गर्भाशय, गर्भनलिकांना होणारा जंतुसंसर्ग) हा ‘अस्वच्छतेचा आजार’ ठरवलात आणि त्याच पानावर योनी धुण्याच्या सुगंधी द्रव्याची जाहिरात छापलीत. जुळवाजुळव झकास! आतून धुण्याने योनीची राखण करणारे लॅक्टोबॅसिलस हे चांगले जंतूच वाहून जातात, हे जाहिरात विभागाला कोणीतरी सांगा.

मुख्य दोषी गोनोरिया आणि क्लॅमायडियाचे जंतू. ते संबंधातून येतात, संडासाच्या भांड्यावरून नाही. ‘लघवीचं कल्चर करा’ (म्हणजे जंतू ताटलीत वाढवून बघा) हा लेखातला सल्ला तर फसवाच. क्लॅमायडिया पेशीच्या आत वाढतो, साध्या कल्चरच्या ताटलीत उगवत नाही. ‘नो ग्रोथ’चा कागद हाती येतो, बाई निश्चिंत होते आणि गर्भनलिका आतल्या आत चिकटत जातात. योनीतून किंवा गर्भाशयमुखातून बोळ्याने घेतलेल्या नमुन्यावर (स्वॅबवर) जंतूंची जनुकं शोधणारी नॅट चाचणी करावी. पण गर्भाशयमुख हलवल्यावर बाई कळवळत असेल तर रिपोर्टसाठी थांबू नये. आधी गरोदर नसल्याची खात्री, मग लगेच औषध.

लैंगिक आजारांसाठीच्या सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये यासाठी औषधांचं पिवळं किट फुकट मिळतं: सेफिक्झीम 400 मिग्रॅ एकदाच; डॉक्सिसायक्लिन 100 मिग्रॅ आणि मेट्रोनिडाझोल 400 मिग्रॅ दिवसातून दोनदा, 14 दिवस. होतं काय, की पाचव्या दिवशी दुखायचं थांबतं, मेट्रोनिडाझोलने तोंड कडू झालेलं असतं, आणि उरलेल्या गोळ्या फ्रीजवर पडून राहतात. डॉक्सी पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी, घेऊन लगेच आडवं होऊ नये, लोहाच्या गोळीसोबत तर नाहीच. तीन दिवसांत उतार नसेल तर रुग्णालय गाठावं.

आणि नवरा? अख्ख्या लेखात हा शब्द एकदाही नाही! त्याला जळजळ नाही, स्राव नाही, म्हणून तो ‘ठणठणीत’. गेल्या दोन महिन्यांतल्या जोडीदारासाठी करडं किट असतं: अ‍ॅझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम, सेफिक्झीम 400 मिग्रॅ, दोन्ही एकदाच. एवढ्याशा गोळ्यांसाठी साहेबांना सवड नसते. दोघांचा उपचार पुरा होईपर्यंत संबंध नकोत, हेही त्यांना सांगायचं ते बायकोनेच. दोन-तीन महिन्यांत ती पुन्हा ओटीपोट धरून दारात. पुढे मूल राहत नाही म्हणून तपासणी, तीही आधी तिचीच. आपल्या लेखिकेने तिला सुती अंतर्वस्त्रं वापरायला सांगितलं आहे. आभारी आहोत.

ता.क. सोबतच्या चित्रात लाल रंगवलेले अवयव मूत्रपिंडं आहेत. गर्भनलिका बऱ्याच खाली असतात.

– एक स्त्रीरोगतज्ज्ञ, सातारा