पाय मिळाला, पण सॉकेटचे काय?

महोदय,

कृत्रिम पाय वाटपाच्या शिबिरांच्या बातम्या जिल्ह्यात वरचेवर वाचायला मिळतात. शिबिर उठल्यावर त्या पायाची डागडुजी कुठे होणार, हे मात्र त्यात नसते.

पहिल्या महायुद्धात पाय गमावलेल्या हजारो जर्मन सैनिकांना एकेक पाय हाताने घडवून देणे आवाक्याबाहेर गेले, तेव्हा ऑटो बॉक यांनी १९१९ साली बर्लिनमध्ये कंपनी काढली. पाऊल, गुडघा असे भाग कारखान्यात मोठ्या संख्येने करून तंत्रज्ञांना पुरवायचे. स्टंप, म्हणजे कापल्यावर उरलेला पायाचा भाग, ज्यात बसतो ते सॉकेट मात्र तंत्रज्ञाने माणूस समोर बसवून घडवायचे. पुढे जर्मनीतल्याच थुरिंगिया प्रांतात हलवलेला कारखाना दुसऱ्या महायुद्धानंतर जप्त झाला, तरी जावई माक्स नेडर यांनी डुडरस्टाटला तोच व्यवसाय पुन्हा उभा केला. १९६९ मध्ये या कंपनीने पायाचे भाग एकमेकांना जोडणारा पिरॅमिड अडॅप्टर आणला. घुमटावरचा चौकोनी निमुळता खुंट आणि त्याच्या चार तिरक्या बाजूंवर दाबणारे चार ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू), एवढीच ती जोडणी. एक स्क्रू सैल करून समोरचा आवळला की पाऊल हवे तसे कलते, पाय नव्याने बांधावा लागत नाही.

शिबिराबरोबर तंत्रज्ञ निघून जातो आणि खऱ्या अडचणी त्यानंतर येतात. पहिल्या काही महिन्यांत स्टंप आटतो, सॉकेटमध्ये खाली धसतो, टोकाला जखम होते. थोड्या ढिलाईला जाड मोजा पुरतो. मोज्यावर मोजे चढवायची वेळ आली की नवे सॉकेटच हवे: स्टंपवरून पीओपीचा साचा, त्यातून भरीव ठोकळा, तो गुडघ्याच्या वाटीखाली कोरायचा, नडगीच्या हाडावर भर घालायची, मग वरून तापवलेली पॉलिप्रॉपिलीनची शीट ओढायची.

दुसरी अडचण चपलेची. टाचेचा बूट घालून सेट केलेल्या पायात घरी सपाट कोल्हापुरी आली की टाच खाली जाते, गुडघा मागे रेटला जातो, सपाट रस्त्यावरही चढण लागल्यासारखे वाटते. पुढचा-मागचा स्क्रू फिरवून हे पाच मिनिटांत सुधारते, पण फिरवणारा जाणकार हवा. पाय काढून परत जोडताना शेजारशेजारचे दोनच स्क्रू सोडावेत, म्हणजे आधीचा कल टिकतो. ऑटो बॉक कंपनीच्या जोडणीला शेवटी १५ न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा मोजून दिलेला जोर, द्यावा लागतो. अंदाजाने आवळलेला स्क्रू चालता चालता सैल पडतो. सॉकेट आणि पाऊल यांना जोडणारी ॲल्युमिनियमची नळी तडकली तर कृपा करून वेल्डिंग मारून आणू नये. टाक्याशेजारचा धातू तापून मऊ पडतो आणि नळी पुन्हा तिथेच मोडते, बहुधा चालता चालताच. ती बदलायचीच.

शिबिर भरवणाऱ्यांना विनंती, की पाय देतानाच सहा आठवड्यांनी आणि सहा महिन्यांनी फेरतपासणीची तारीख कार्डावर लिहावी, बसवलेल्या भागांचे नंबरही द्यावेत. आणि कोल्हापुरात एक कायमची कार्यशाळा हवी. ओव्हन, व्हॅक्यूम पंप, घासायचे मशीन आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ एवढ्यावर ती सुरू होते. लेथ आणि ग्राइंडिंगचे हात इथल्या उद्यमनगरच्या कारखान्यांत आहेतच. जिल्हा नियोजनातून तेवढी तरतूद व्हावी.

— कृत्रिम अवयव तंत्रज्ञ, कोल्हापूर