वणव्याची तयारी डिसेंबरात, आणि ग्रामसभेच्या हाती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळा लागला की वणव्यांच्या बातम्या येतात आणि पाठोपाठ ‘स्थानिकांचा सहभाग घ्या’ हा सल्लाही. प्रत्यक्षात सहभाग म्हणजे धूर दिसल्यावर गावात फोन करणे. आगीचे खरे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत असते आणि त्या महिन्यांत गावाला सहसा कोणी विचारत नाही.

जाळरेषेचेच, म्हणजे आग पलीकडे जाऊ नये म्हणून आधीच जाळून मोकळ्या केलेल्या पट्ट्याचेच पाहा. १५ फेब्रुवारीला आगीचा हंगाम सुरू होण्याआधी ती तयार हवी. दोन्ही कडांचे अरुंद पट्टे मातीपर्यंत खरवडायचे आणि दव ओसरल्यावर, पण वारा सुटण्याआधी, मधले गवत वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जाळत न्यायचे. पद्धत ठीकच आहे. पण सागाची पानगळ त्यानंतरही चालू राहते. जानेवारीत साफ केलेल्या रेषेवर मार्चपर्यंत पुन्हा पाला साचतो आणि आग त्यावरून सहज पलीकडे जाते. रेषा निदान दोनदा परत झाडावी लागते. एकाच सफाईचा खर्च धरला, तर रेषा फक्त नकाशावर उरते. कोणत्या वळणावर पाला आधी साचतो, हे तिथून रोज गुरे नेणाऱ्याला विचारावे.

आता मोहाची झाडे. मार्च-एप्रिलमध्ये फुले रात्री आणि पहाटे गळतात. ती पाल्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. पेटवणारा माणूस निघून जातो, धग मात्र बुंध्याशी राहते आणि दुपारच्या वाऱ्यावर पसरते. ‘पाला जाळू नका’ असे फलक लावून हे थांबत नाही. पाला झाडून तिथेच ढीग केला तर तो ढीगही कोणीतरी पेटवतोच. म्हणून पाला खताच्या खड्ड्यात गेला पाहिजे. याहून चांगला उपाय म्हणजे झाडाखाली जमिनीपासून थोडी वर बांधलेली जाळी. फुलात माती-खडे येत नाहीत, त्यामुळे भावही बरा मिळतो. वाघ-बिबट्यांच्या भागात आणखी एक फायदा आहे. अंधारात, एकट्याने, वाकून फुले वेचणाऱ्यांवर हल्ले होतात. फूल जाळीत सुरक्षित असेल तर उजाडल्यावर, चौघे मिळून जाता येते.

जाळ्या वाटताना घोळ होतो तो यादीत. अनेक गावांत कोणते झाड कोणत्या घराच्या वाट्याचे, हे सगळ्यांना तोंडपाठ असते, पण ते कुठल्याच दप्तरात नसते. कार्यालयाने माणशी एक जाळी वाटली तर एका घरात तीन पडून राहतात आणि सात झाडांच्या घराला एकच मिळते. ही यादी ग्रामसभेतच होऊ शकते.

तेंदूचे दुखणे वेगळे आहे. चांगल्या कोवळ्या पानासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपांची बूट कटाई, म्हणजे बुंध्याशी छाटणी, करायची असते. तिला मजुरी लागते, काडी ओढून झुडपे पेटवायला लागत नाही. म्हणून लिलावाच्या करारातच कटाईची मजुरी आगाऊ द्यायची अट हवी आणि आग लागली तर अनामत कापण्याची तरतूदही. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने आग आणि फांद्यांची तोड टाळण्यासाठी तेंदू तोडणेच बंद केले आणि बांबूवर भर दिला. प्रत्येक गावाला हे परवडेल असे नाही, पण निर्णय गावाचा होता म्हणून टिकला.

उपग्रहाकडून येणाऱ्या सूचनांवर सध्या फार भिस्त दिसते. सूचना उपयोगी आहेत, यात वाद नाही. मात्र या सूचनांसाठी वापरल्या जाणाऱ्या बारीक क्षमतेच्या उपकरणाचाही एक ठिपका ३७५ मीटरचा असतो. दाट झाडीखालची लहान आग त्यातून निसटू शकते. शिवाय संदेशात अक्षांश-रेखांश येतात, आणि धावणाऱ्या पोरांना नाल्याचे नाव हवे असते. ग्रामसभेने एकदा आपल्या टेकड्या, नाले, पाणवठे यांची नावे नकाशावर घालून घेतली आणि दोन-तीन तरुणांचे क्रमांक सूचनेसाठी नोंदवले, की हा प्रश्न मिटतो.

विझवायला आठ-दहा जणांची तुकडी पुरते: दोघांकडे पाला उडवणारी यंत्रे, बाकीच्यांकडे दाताळी आणि ओल्या फांद्या, एकाकडे पाणी व इंधन, आणि एक जण उंचावर फक्त नजर ठेवायला. कपडे सुती हवेत. नायलॉन वितळून कातडीला चिकटते. आगीच्या पुढून चढावर कधीही धावू नये, ती माणसापेक्षा वेगाने वर चढते. बाजूंनी आणि मागून दाबत यावे. आणि विझली म्हणून घरी जाऊ नये. खुंट आणि पडलेली लाकडे आतून धुमसत असतात, म्हणून दुसऱ्या दिवशीची दुपार उलटेपर्यंत पहारा हवा. या पहाऱ्याची मजुरी कोणी धरत नाही आणि तीच आग दुसऱ्यांदा लागते.

यासाठी नवा कायदा नको. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ५ ने जंगल, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. या कायद्याच्या नियम ४ खाली ग्रामसभेने त्यासाठी समिती नेमायची आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर समितीचा आराखडा वनखात्याच्या कार्य आयोजनेशी, म्हणजे जंगलातील कामांच्या आराखड्याशी, जोडायचा आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावर साऱ्या गावाचा मिळून हक्क, २००९ मध्येच मिळाला. पण हक्क मिळालेल्या गावातही समिती कागदावर आणि पैसा वनखात्याकडे असेल, तर सहभाग फोनपुरताच राहणार.

म्हणून मागणी एवढीच: आगीच्या कामांचा निधी आणि पहाऱ्याची मजुरी नोव्हेंबरअखेर थेट ग्रामसभेच्या खात्यात जमा व्हावी, आणि जाळरेषांची पाहणी समिती व वनरक्षक यांनी मिळून करावी, एकदा फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणि पानगळ संपल्यावर पुन्हा एकदा.

आपले,
ग्रामसभांबरोबर वनव्यवस्थापनाचे काम करणारे कार्यकर्ते, विदर्भ