सर्बिटनच्या कोपऱ्यावरचं गॅरेज

सर्बिटन, लंडन, रविवार

तीर्थरूप आबांस शिरसाष्टांग नमस्कार,

फोनवर हे सगळं सांगून होत नाही. तुमच्यामागे लेथ चालू असतं आणि दादा विषय सीएनसीच्या, म्हणजे त्या संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या, कर्जावर नेतो. म्हणून निवांत लिहायला बसले आहे.

मी राहते तिथून चालत दहा मिनिटांवर, हॉलीफील्ड रोडच्या कोपऱ्याला गोल वळण घेतलेली एक जुनी इमारत आहे. बसमधून रोज दिसायची. गेल्या आठवड्यात कळलं की चार्ल्स आणि जॉन कूपर या बापलेकांचं गॅरेज तिथंच होतं. याच सर्बिटनमधून निघालेल्या गाड्यांनी १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन वर्षं फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद घेतलं. समोर फेरारी असताना! मी त्या फुटपाथवर कितीतरी वेळ उभी होते आणि मला आपलं उद्यमनगर आठवत होतं.

सुरुवात कशी झाली, ते तुम्हाला फार आवडेल. १९४६ साल. युद्ध नुकतंच संपलेलं, पेट्रोल रेशनवर, नवीन सामान मिळणं मुश्कील. जॉनला शर्यतीची गाडी हवी होती. मग त्यांनी फियाट टोपोलिनो या छोट्या मॉडेलच्या दोन गाड्यांचे पुढचे भाग कापले आणि पाठीला पाठ लावून जोडले. त्यामुळे पुढे-मागे दोन्हीकडे आडवा पाटा (स्प्रिंगचा) आणि प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन आयतं मिळालं. इंजिन बसवलं जेएपी या इंग्लिश कंपनीचं, मोटरसायकलचं, ५०० सीसी. आता मोटरसायकलचं इंजिन म्हणजे चेन आली, आणि चेन मागच्या चाकाला द्यायची तर इंजिन चाकाजवळच हवं. म्हणून ते ड्रायव्हरच्या मागे गेलं. आबा, एवढंच कारण होतं. त्यामागे कुठला मोठा सिद्धांत नव्हता.

फायदे नंतर उमगत गेले. इंजिन पुढे असलं की मागच्या चाकांपर्यंत लांब शाफ्ट न्यावा लागतो आणि ड्रायव्हर उंच बसतो. इथे तो शाफ्टच नाही. गाडी हलकी, बुटकी, वारा कमी अडवणारी, आणि वजन मध्यावर आल्यामुळे वळणावर चपळ. १९४८ मध्ये स्टर्लिंग मॉस नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने अशीच एक ५०० सीसीची कूपर घेतली. त्याच मॉसने दहा वर्षांनी अर्जेंटिनाची ग्रांप्री, म्हणजे फॉर्म्युला वनची शर्यत, कूपरमध्ये जिंकली. गाडी कूपर कंपनीच्या संघाचीही नव्हती, रॉब वॉकर यांच्या खाजगी संघाची होती. इंजिन जेमतेम दोन लिटरचं, समोरच्या फेरारी जवळपास अडीच लिटरच्या. कूपरची चाकं चार बोल्टची, त्यामुळे टायर बदलायला थांबला असता तर शर्यत हातची गेली असती. वॉकरच्या माणसांनी टायर बदलायची तयारी केल्यासारखं दाखवलं, फेरारीवाले निर्धास्त राहिले, आणि मॉस थांबलाच नाही. शेवटी टायरमधलं कापड दिसायला लागलं होतं. २.७ सेकंदांनी जिंकला. इंजिन मागे असलेल्या गाडीने जागतिक स्पर्धेतली ग्रांप्री जिंकण्याची ती पहिली वेळ.

पण मला सगळ्यात जवळचा वाटला तो जॅक ब्रॅबम. ऑस्ट्रेलियाहून आलेला, मुळात मेकॅनिक. कूपरच्या शॉपमध्ये स्वतः पाना घेऊन उभा राहायचा आणि तीच गाडी शर्यतीत चालवायचा. डिसेंबर १९५९ मध्ये अमेरिकेत सेब्रिंगला शेवटच्या फेरीत त्याचं पेट्रोल संपलं. कुणी हात लावला असता तर तो बाद झाला असता. त्याने ती गाडी एकट्याने ढकलत रेषेपार नेली, चौथा आला आणि जगज्जेता झाला. शर्यत जिंकली त्याचाच जोडीदार ब्रूस मॅकलारेनने, वय २२.

आता जे सांगायला खरं तर पत्र लिहायला घेतलं, ते लिहिते. चार्ल्स जपून खर्च करणारे होते. चालतंय त्याला हात लावू नये, हा त्यांचा स्वभाव. त्यांच्या त्या काटकसरीतूनच गाडी उभी राहिली, हेही तितकंच खरं. पण १९६० च्या सुरुवातीला लोटस या दुसऱ्या इंग्लिश कंपनीची नवी गाडी भलतीच वेगवान निघाली, आणि जॉन व ब्रॅबमच्या ध्यानात आलं की आता जुन्या गाडीवर भागणार नाही. म्हाताऱ्याची नाखुशी असतानाही त्यांनी डिझायनर ओवेन मॅडॉकला घेऊन थोड्याच आठवड्यांत आणखी बुटकी गाडी उभी केली. त्या वर्षी ब्रॅबमने लागोपाठ पाच ग्रांप्री जिंकल्या. आबा, दादाचं त्या मशीनबद्दलचं म्हणणं एकदा चहा पिताना, शॉप बंद करून, पूर्ण ऐकून घ्या. नको वाटलं तर नको म्हणा. पण आधी ऐका.

पुढे सगळ्यांनीच इंजिन मागे नेलं. १९६१ मध्ये ब्रॅबम कूपर घेऊन अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या शर्यतीला गेला आणि नववा आला; चार वर्षांत तिथेही मागे इंजिन असलेली गाडी जिंकली. ब्रॅबम आणि मॅकलारेन दोघांनीही पुढे आपापल्या कंपन्या काढल्या. १९६४ मध्ये चार्ल्स गेले, पुढच्या वर्षी जॉनने कंपनी विकली. दादाला पुण्यात जी मिनी कूपर दिसली होती, तिच्यावरचं नाव याच जॉनचं.

एक गोष्ट मला उलगडत नाही, ती तुम्हालाच विचारते. त्या ५०० सीसीच्या गाड्यांना डिफरन्शियल नव्हतं. मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरणार, मग वळणावर त्या इतक्या झटकन कशा वळत असतील? तुम्ही आणि दादाने मिळून विचार करून, कागदावर आकृती काढून फोटो पाठवा.

आईला नमस्कार. तिला म्हणावं, मेतकूट अजून आहे.

तुमची,
धाकटी